बायबलमधील लिननचे वस्त्र

मराठी बायबलमध्ये याजकांच्या पोषाखाचे वर्णन येते तेथे ‘ताग’ किंवा ‘सण’ हे शब्द आढळतात. निवासमंडपाचे पडदे तलम सणाचे, याजकाचा अंगरखा तागाचा, आणि येशूचे शव ज्यात गुंडाळले ते वस्त्रही तागाचे. आपल्याकडे ताग म्हटला की पोते, सुतळी आणि गोणपाट डोळ्यांपुढे येतात. देवाच्या अगदी जवळ जाणाऱ्या माणसाने पोत्याचे कापड का नेसावे, असा प्रश्न मराठी वाचकाला पडला तर नवल नाही. त्यात भर म्हणजे बायबलात गोणपाटही आहे. शोक झाला, पश्चात्ताप झाला, की लोक गोणपाट नेसून राखेत बसतात. मूळ हिब्रू भाषेत त्याला ‘सक’ म्हणतात. ते बकऱ्याच्या केसांचे खरखरीत कापड असे. म्हणजे मूळ ग्रंथात ज्या दोन वस्त्रांचे अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत, ती दोन्ही आपल्या मनात एकाच पोत्यात जाऊन पडतात!

वास्तविक मूळ ग्रंथातील हे कापड म्हणजे लिनन, आणि लिनन निघते ते जवसाच्या झाडापासून. विदर्भ-मराठवाड्यात आपण जे जवस तेलासाठी व चटणीसाठी पिकवतो, तीच ही वनस्पती. आपल्याकडचे वाण बुटके, फांद्या फुटणारे आणि बियांसाठी जोपासलेले असते. वाखासाठी लावतात ते वाण उंच, सरळ आणि कमी फांद्यांचे असते. संस्कृतात या कापडाला ‘क्षौम’ हा सुंदर शब्द आहे. पण तो पंडितांचा, बोलीतला नव्हे. सामान्य वाचकाला समजेल असा वाखाच्या कापडाचा शब्द म्हणून भाषांतरकारांनी ताग आणि सण निवडले असावेत. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. परंतु त्या शब्दामागचे खरे कापड पाहिल्याखेरीज बायबलमधील कितीतरी प्रसंगांचा अर्थ आपल्या हाती लागत नाही. ते कापड पाहावे आणि त्याचा अर्थ शोधावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

झाडापासून कापडापर्यंत

जवस कापत नाहीत. वाखाची पूर्ण लांबी मिळावी म्हणून ते मुळासकट उपटतात. बोंडे झोडून काढतात आणि काड्या पाण्यात किंवा दवात कुजत ठेवतात. आपल्या खेड्यांत अंबाडीच्या पेंढ्या डोहात दडपून ठेवतात ना, तसाच हा प्रकार. काडीतला चिकट भाग कुजला की वाख सुटा होतो. मग काड्या वाळवायच्या, कुटायच्या, सोलायच्या, वाख विंचरायचा आणि सूत कातायचे. सुताचा मूळचा रंग करडा-पिवळसर असतो. पुनःपुन्हा भिजवून उन्हात पसरल्यावर ते पांढरे होते. लिननची शुभ्रता ही अशी श्रमाची शुभ्रता आहे. मेंढीच्या पाठीवर लोकर आयती मिळते, तसे येथे आयते काहीच मिळत नाही.

यहोशवाच्या ग्रंथात यरीहो नगरातील राहाब हेरांना आपल्या घराच्या धाब्यावर जवसाच्या काड्यांखाली लपवते. ती कथा वाचताना या काड्या तेथे कशाला होत्या, हे आता वेगळे सांगावयास नको. त्या वाळत घातल्या होत्या. निर्गमाच्या ग्रंथात मिसर देशावर गारांचा वर्षाव होतो, तेव्हा नाश झालेल्या पिकांत सातूबरोबर जवसाचा उल्लेख आहे. मिसर हे या पिकाचे मोठे माहेरघर. फारोने योसेफाला कारागृहातून काढून राज्याचा कारभार सोपवला, तेव्हा त्याच्या अंगावर तलम लिनन चढवले. त्या वस्त्रासाठी तेथे ‘शेश’ हा शब्द आहे आणि तो मूळचा मिसरी भाषेतला आहे. मिसरी याजक केवळ लिनन वापरीत आणि लोकरीची वस्त्रे मंदिरात नेत नसत, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने नोंदवून ठेवले आहे. तेव्हा याजकाने लिनन नेसावे ही कल्पना इस्राएलाने शून्यातून निर्माण केलेली नाही. शेजाऱ्यांकडून आलेल्या कापडाला इस्राएलाने कोणता अर्थ दिला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

हिब्रूत या कापडाला एकच शब्द नाही. झाडाला व त्याच्या वाखाला ‘पिश्ता’ म्हणतात. तलम कापडाला ‘शेश’, आणि पुढच्या काळातील ग्रंथांत ‘बूत्स’. याजकाच्या साध्या पांढऱ्या वस्त्राला मात्र विशेषेकरून ‘बद’ हा शब्द येतो. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सोने उतरवून ठेवण्याचा दिवस

निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात महायाजक अहरोन याच्या पोषाखाचे वर्णन आहे. सोन्याची तार, निळे, जांभळे व किरमिजी सूत आणि कातलेले तलम लिनन यांनी विणलेले एफोद, छातीवर बारा रत्नांचा ऊरपट, झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरे, कपाळावर सोन्याची पट्टी. असा थाट क्वचितच एखाद्या राजाचा असेल. साऱ्या इस्राएलाचा प्रतिनिधी म्हणून तो या वेषात उभा राहतो.

पण वर्षातून एक दिवस असा येतो की त्या दिवशी हा माणूस पडद्याआड परमपवित्रस्थानात जातो. तो प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. देवाच्या अतिशय निकट जाण्याच्या त्या घटकेस अधिकात अधिक भूषणे घालावीत, असे आपल्याला वाटेल. लेवीयाचा सोळावा अध्याय याच्या नेमके उलट सांगतो. त्या वेळी महायाजकाने सोने उतरवावे, स्नान करावे आणि केवळ ‘बद’ लिननचा अंगरखा, चोळणा, कमरबंद व मंदील एवढेच घालावे. रत्ने नाहीत, घुंगरे नाहीत, रंगही नाही. काम संपले की ती लिननची वस्त्रे तेथेच काढून ठेवायची.

असे का? यहुदी आचार्यांनी दिलेली दोन उत्तरे मला विशेष मार्मिक वाटतात. एक असे की, सोन्याने लोकांनी वासरू घडवून त्याची पूजा केली होती. तेव्हा क्षमा मागावयास जाताना तेच सोने अंगावर कसे न्यावे? फिर्यादीलाच वकील करून न्यायालयात कोण जाईल? दुसरे उत्तर असे की, स्वर्गातील सेवकही लिनन नेसतात, म्हणून पृथ्वीवरील सेवकानेही तेच नेसावे. यहेज्केलाच्या दृष्टान्तात कमरेला लेखनसाहित्य लावलेला, लिनन नेसलेला पुरुष येतो. शहरातील अन्यायाबद्दल हळहळणाऱ्यांच्या कपाळावर खूण करणे हे त्याचे काम. दानीएलाला नदीकाठी दिसणारा पुरुषही लिननधारीच आहे.

रोजच्या सेवेतील एक नियम मला याहूनही बोलका वाटतो. वेदीवरचे हवन रात्रभर जळत असे. सकाळी याजकाने लिननचा अंगरखा व चोळणा घालून वेदीवरची राख काढायची, आणि मग वस्त्रे बदलून ती राख छावणीबाहेर न्यायची, असे लेवीयाचा सहावा अध्याय सांगतो. म्हणजे पवित्र वस्त्रातले सकाळचे काम कोणते, तर राख काढण्याचे! लिनन हा दरबारी पोषाख नसून कामाचा पोषाख होता, हे येथे स्पष्ट होते. यहेज्केलाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात याजकांना आतल्या अंगणात लोकर वर्ज्य केली आहे आणि घाम आणणारे काहीही अंगावर नसावे असे म्हटले आहे. आपल्याकडे धाबळी म्हणजे लोकरीचे वस्त्र सोवळ्यात चालते. तेथे लोकरच चालत नाही. दोन परंपरांतील शुचितेच्या कल्पना किती भिन्न वाटांनी जातात, याचे हे एक उदाहरण.

लोकर आणि लिनन यांची गाठ

सामान्य इस्राएली माणसाला लोकर आणि लिनन एकत्र विणलेले वस्त्र घालण्यास बंदी होती. लेवीयाचा एकोणिसावा अध्याय आणि अनुवाद या मोशेच्या पाचव्या ग्रंथाचा बाविसावा अध्याय यांत हा नियम आहे. अशा मिश्र कापडाला ‘शातनेझ’ म्हणतात, आणि सनातनी यहुदी आजही हा नियम पाळतात. कारण मात्र ग्रंथात दिलेले नाही. एका मिद्राशात ही गोष्ट काइन आणि हाबेल यांच्यापर्यंत नेली आहे. काइनाने जवसाचे अर्पण आणले, हाबेलाने मेंढराचे, आणि भावाने भावाचा खून केला; म्हणून ही दोन एकत्र येऊ नयेत. बाराव्या शतकातील तत्त्ववेत्ता मैमोनिदीस म्हणतो की, मूर्तिपूजक पुरोहित अशी मिश्र वस्त्रे वापरीत, म्हणून ही बंदी आली.

परंतु येथे एक गंमत आहे. लिननवर रंग सहजासहजी चढत नाही, लोकरीवर चढतो. म्हणून महायाजकाच्या एफोदातील निळे, जांभळे व किरमिजी सूत हे लोकरीचेच समजले जाते. त्यात लिनन गुंफले की झाले शातनेझ! जे साऱ्यांना निषिद्ध तेच महायाजकाला विहित. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस म्हणतो की असे वस्त्र केवळ याजकांसाठी राखलेले आहे. लेवीयाचे आधुनिक भाष्यकार जेकब मिलग्रोम यांनी हाच धागा पुढे नेला. मिश्रण अपवित्र म्हणून वर्ज्य नाही. ते पवित्र क्षेत्राचे आहे म्हणून सामान्य व्यवहारात वर्ज्य आहे. प्रत्येक इस्राएल्याने वस्त्राच्या टोकाला निळ्या धाग्याचा गोंडा लावावा, असा जो नियम गणनेच्या ग्रंथात आहे, त्याचाही अर्थ ते असाच लावतात. लिननच्या वस्त्राला लोकरीचा एक निळा धागा लागला की शेतकऱ्याच्या अंगावरही याजकपणाची एक खूण येते. हा अर्थ मला पटतो. वर्ज्य आणि पवित्र या दोन कल्पना एकमेकींच्या किती जवळ असतात, हे त्यातून दिसते.

भारताचा धागा

या विषयात भारताचाही एक धागा गुंतलेला आहे. एस्तेरच्या ग्रंथात पारसाच्या राजाची सत्ता ‘होदू’पासून, म्हणजे हिंदच्या भूमीपासून पसरलेली सांगितली आहे, आणि त्याच्या मेजवानीतील पडद्यांच्या वर्णनात ‘कर्पस’ हा शब्द येतो. हा आपला ‘कार्पास’, म्हणजे कापूस! तो फारसीच्या वाटेने हिब्रूत गेला. त्या पडद्यांच्या दोऱ्या मात्र ‘बूत्स’च्या, म्हणजे तलम लिननच्या आहेत.

दुसरा उल्लेख मिश्ना या यहुदी संहितेच्या योमा प्रकरणात आहे. मंदिर उभे असताना प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक सकाळी मिसरातील पेलूसिअमचे वस्त्र आणि दुपारी ‘हिंदुयीन’, म्हणजे हिंदी वस्त्र, घालीत असे. किंमतीविषयी आचार्यांत मतभेद आहेत, पण बहुमताने सकाळच्या वस्त्रांसाठी १८ मिना आणि दुपारच्या वस्त्रांसाठी १२ मिना, अशी एकूण ३० मिनांची रक्कम ठरली होती. एक मिना म्हणजे शंभर झूझ. साधे पांढरे वस्त्र इतके मोलाचे कसे, असे कोणी विचारील. मिश्ना तेथेच सांगते की हा खर्च सार्वजनिक निधीतून होई. वस्त्राचे मोल त्या माणसाच्या डामडौलासाठी नव्हते, लोकांच्या वतीने चाललेल्या सेवेसाठी होते.

आणि या वस्त्रांचे पुढे काय होई? मिश्नाच्या सुक्का प्रकरणात सांगितले आहे की, याजकांचे जुने झालेले चोळणे व कमरबंद फाडून त्यांच्या वाती करीत आणि मंडपांच्या सणात मंदिराच्या अंगणातील मोठे दिवे त्या वातींनी पेटवीत. वस्त्र झिजले तरी त्याची सेवा संपत नाही. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा सेवक मिणमिणती वात विझवीत नाही असे म्हटले आहे. तेथे वातीसाठी मूळ शब्द ‘पिश्ता’, म्हणजे जवसच आहे.

श्रीमंताचे लिनन आणि मेलेल्याचे लिनन

लिनन अंगावर आले म्हणजे माणूस पवित्र झाला, असे मात्र बायबल कोठेही म्हणत नाही. यिर्मयाच्या तेराव्या अध्यायात संदेष्टा देवाच्या आज्ञेने लिननचा कमरपट्टा विकत घेऊन नेसतो, मग तो खडकाच्या कपारीत लपवतो. पुष्कळ दिवसांनी काढून पाहतो तो पट्टा कुजून निकामी झालेला. कमरेला घट्ट बिलगावे तसे जे राष्ट्र देवाला बिलगून असावयास हवे होते, ते गर्वाने असे नासले, हा त्याचा अर्थ. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दृष्टान्तातील श्रीमंत मनुष्य जांभळी वस्त्रे आणि तलम लिनन घालून रोज मेजवान्या झोडतो, आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर उष्ट्या तुकड्यांची वाट पाहत पडलेला असतो. कापड तेच; पण त्यातून घडणारे काम वेगळे.

श्रीमंती आणि लिनन यांची ही गाठ मरणातही सुटत नव्हती. तालमुदात एक हकिगत आहे. एके काळी प्रेतसंस्काराचा खर्च इतका वाढला की नातलगांना मरणाच्या दुःखापेक्षा तोच जड होई, आणि काही जण प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या थोर आचार्याने आपले शव साध्या जवसाच्या वस्त्रात न्यावे अशी व्यवस्था केली. तो मोठा मनुष्य साध्या वस्त्रात गेला, तेव्हा इतरांनाही तसे जाण्याची लाज उरली नाही, आणि तीच रीत पडली. पुढच्या काळातील रव पापा म्हणतो की आता तर लोक एका झूझच्या जाड्याभरड्या कापडातही प्रेत नेतात. यहुदी प्रेतवस्त्र आजही साधे, पांढरे आणि बिनखिशाचे असते. एका माणसाने आपल्या मरणातून गरिबांच्या डोक्यावरचा भार उतरवला. या विषयाच्या अभ्यासात मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट हीच.

टॉवेल, कबर आणि वधू

नव्या करारात लिनन फार मोक्याच्या जागी येते. योहानाच्या तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू आपली बाह्यवस्त्रे काढतो, कमरेला एक रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या रुमालाला ग्रीक मुळात ‘लेंतिओन’ हा शब्द आहे. तो लॅटिन ‘लिंतेउम’वरून, म्हणजे लिननच्या कापडावरून आलेला. सोने उतरवून साधे लिनन नेसणारा महायाजक आणि वस्त्रे उतरवून लिननचा रुमाल बांधणारा गुरू, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. योहानाने हे साम्य योजून आणले असे मी म्हणणार नाही, पण वाचणाऱ्याला ते दिसल्यावाचून राहत नाही.

क्रुसावरील मरणानंतर अरिमथाईकर योसेफ लिननचे कापड विकत आणून त्यात शव गुंडाळतो. पहिली तीन शुभवर्तमाने त्याला ‘सिंदोन’ म्हणतात, योहान ‘ओथोनिया’ म्हणतो. तिसऱ्या दिवशी शिष्य धावत येतात तेव्हा कबरेत लिननची वस्त्रे पडलेली असतात आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला असतो. याच शुभवर्तमानात बेथानीचा लाजर (हा दृष्टान्तातील भिकारी लाजर नव्हे) कबरेतून आला तो प्रेतवस्त्रांनी बांधलेलाच आला होता आणि इतरांना त्याला मोकळे करावे लागले होते. येशूची वस्त्रे मात्र मागेच राहिली. प्रायश्चित्ताचा विधी संपल्यावर महायाजक लिनन तेथेच काढून ठेवतो, हे आठवले की या रिकाम्या वस्त्रांचा अर्थ अधिक खोल होतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने तर येशूला महायाजकच म्हटले आहे. तूरिन येथील प्रसिद्ध लिननच्या वस्त्राची १९८८ साली कार्बन-चाचणी झाली व त्याचा काळ १२६० ते १३९० असा निघाला. तो वाद आपल्या विषयाच्या बाहेरचा आहे. शुभवर्तमानाचा अर्थ त्या कापडावर अवलंबून नाही.

शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, लिनन दोन स्त्रियांच्या अंगावर दिसते. अठराव्या अध्यायात बाबेल नगरी तलम लिनन, जांभळे व किरमिजी वस्त्र नेसून सोन्याने मढलेली आहे. तिच्या बाजारातील मालाची यादी सोन्यापासून सुरू होते, तीत लिनन येते आणि ती यादी माणसांच्या विक्रीवर येऊन संपते. लगेच एकोणिसाव्या अध्यायात कोकऱ्याची वधू येते. तिच्याही अंगावर तलम, शुद्ध, तेजस्वी लिनन आहे. सोने नाही, जांभळे नाही. येथे ग्रंथकार स्वतःच थांबून अर्थ सांगतो : हे लिनन म्हणजे पवित्र जनांची नीतीची कृत्ये होत. रूपकाचा उलगडा स्वतः ग्रंथच करतो, असे फार थोड्या ठिकाणी घडते.

ख्रिस्ती उपासनेत या कापडाने आपली जागा टिकवली. वेदीवर अंथरावयाचे वस्त्र लिननचे असावे, असा कॅथलिक परंपरेचा दीर्घकाळ दंडक होता. वसई-गोव्याच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी धर्मगुरू रंगीत वस्त्राखाली जो पांढरा पायघोळ झगा घालतात, तो आज कोणत्याही सुताचा असो, त्याची शुभ्रता याच परंपरेतली आहे.

येथवर जे पाहिले त्यावरून मला एवढे म्हणावेसे वाटते. बायबलमध्ये लिनन फारो देतो, श्रीमंत मिरवतो आणि बाबेल विकते. तेच लिनन राख काढणारा याजक, पाय धुणारा गुरू आणि गरिबांसाठी साधेपणाने कबरेत जाणारा आचार्य यांच्या अंगावर येते, तेव्हा ते पवित्र होते. म्हणून मराठी बायबलमध्ये ‘तागाचे वस्त्र’ हे शब्द पुन्हा भेटतील तेव्हा वाचकाने पोते मनातून दूर करावे. निळ्या फुलांचे जवसाचे शेत आणि ते उपटणारे, कुजवणारे, कातणारे हात डोळ्यांपुढे आणावेत, आणि मग ते वस्त्र नेसून तो माणूस कोणते काम करीत आहे, तेवढे पाहावे.